फ्लोरिबंडा गुलाब: ओळखायचा कसा, वाढवायचा कसा

गुलाबाच्या झाडापुढे उभं राहिलं की नजर आधी एका फुलावर जाते. पाकळ्या किती, फूल केवढं, मधला गाभा उंच आहे की पसरट. फ्लोरिबंडापुढे ही सवय बाजूला ठेवावी लागते. या गुलाबाचं फूल म्हणजे फांदीच्या टोकावरचा अख्खा झुपका. एका फुलाकडे बघून त्याला ओळखायला गेलं तर चूक होते, आणि एका मोठ्या फुलाच्या आशेनं त्याला वाढवायला गेलं तर झाड रोडावतं. मी पाहिलेल्या मरगळलेल्या फ्लोरिबंडांपैकी बहुतेकांचं दुखणं एकच होतं: त्यांना एकेक मोठं फूल देणाऱ्या हायब्रीड टी गुलाबासारखं छाटलं होतं आणि हायब्रीड टीसारखंच खुडलं होतं. म्हणून पुढे ओळखीपासून छाटणीपर्यंत सगळं झुपका डोळ्यांसमोर ठेवूनच सांगतो.

घराणं माहीत असलं की ओळख सोपी जाते

फ्लोरिबंडाला दोन घराण्यांचा वारसा आहे. एक हायब्रीड टीचं: लांब दांडा आणि टोकाला एकच मोठं, उंच गाभ्याचं फूल. या गटातला पहिला मानला जाणारा 'ला फ्रान्स' हा वाण फ्रान्समधल्या ल्यों शहरात गुलाबांचे पैदासकार गियो यांनी 1867 मध्ये आणला. दुसरं घराणं पॉलिअँथाचं: बुटकं झुडूप आणि त्यावर बारीक फुलांचे गच्च झुपके. त्यातला पहिला वाण 'पाकेरेत'ही गियो यांचाच, 1875 चा. पॉलिअँथाच्या मुळाशी पूर्व आशियातला रानगुलाब रोझा मल्टिफ्लोरा आहे. झुपक्यानं फुलायचा गुण त्याच्याकडून आला.

या दोन घराण्यांचं लग्न लावण्याचं मोठं काम डेन्मार्कच्या पोल्सेन कुटुंबानं केलं. तिथल्या कडक हिवाळ्यात नाजूक हायब्रीड टी नीट तग धरत नसत. पॉलिअँथा काटक होते, पण त्यांची फुलं बारीक. दोहोंच्या संकरातून 1924 मध्ये 'एल्से पोल्सेन' आणि 'कर्स्टन पोल्सेन' हे वाण आले. तेव्हा त्यांना हायब्रीड पॉलिअँथा म्हणत. फ्लोरिबंडा, म्हणजे लॅटिनमध्ये भरभरून फुलणारा, हे नाव पुढे अमेरिकेतल्या जॅक्सन अँड पर्किन्स या रोपवाटिकेनं रूढ केलं. तिथल्या यूजीन बोर्नर यांनी या गटात इतके वाण तयार केले की त्यांना 'पापा फ्लोरिबंडा' असंच म्हटलं जाई. मग 1958 मध्ये जर्मनीचे गुलाब-पैदासकार कोर्डेस यांचा पांढराशुभ्र 'आइसबर्ग' आला, आणि 1983 मध्ये जागतिक गुलाब महासंघानं त्याला जगाच्या आवडत्या गुलाबांच्या मानाच्या यादीत घेतलं. फ्लोरिबंडा म्हणजे काय हे एकाच झाडात बघायचं असेल तर 'आइसबर्ग' बघावा.

ओळख: पहिली पायरी झुपक्याची

एक झुपका अगदी जवळून बघू. फांदीच्या टोकाला मधोमध एक कळी असते. तिचा देठ सगळ्यात आखूड आणि जाड. तिच्या खालच्या पेरांतून निघालेले देठ वर येतात आणि तिला वेढून, बऱ्याचदा तिच्याही वर जातात. त्यातल्या प्रत्येकावर एक, नाहीतर तीन कळ्या. मधली कळी सगळ्यांच्या आधी उमलते. तिचे पुंकेसर तपकिरी पडायला लागतात तेव्हा शेजारच्या दोन-तीन कळ्यांनी नुकता रंग दाखवलेला असतो, आणि अगदी कडेच्या कळ्या अजून हिरव्या निदलांत गच्च मिटलेल्या असतात. सामान्य फांदीवर अशा पाच ते पंधरा कळ्या, जोमदार फांदीवर याहूनही जास्त. कळ्या उमलण्याचा हा क्रम लक्षात ठेवा. फुलं खुडताना आणि मधली कळी काढताना तो पुन्हा लागणार आहे.

इथे एक फसवी जागा आहे. हायब्रीड टीच्या बुडातून जोरात आलेली नवी जाड फांदीसुद्धा टोकाला फाटे फोडून समईसारखा मोठा झुपका देते. तेवढ्यावरून झाड फ्लोरिबंडा ठरवू नका. जुन्या फांदीच्या बगलेतून आलेल्या मध्यम जाडीच्या फांद्या बघा. त्यांच्यावरही झुपकेच असतील तर फ्लोरिबंडा, एकेक फूल आणि फार तर एक-दोन बाजूच्या कळ्या असतील तर हायब्रीड टी.

दुसरी गोष्ट फुलाच्या मापाची. फ्लोरिबंडाचं पूर्ण उमललेलं फूल साधारण 5 ते 9 सेंमी रुंद असतं. हायब्रीड टीचं 10 सेंमी किंवा त्याहून मोठं, पॉलिअँथाचं 3 सेंमीच्या आसपास. फुलाचा घाट मात्र काही ठरवत नाही. 1935 च्या 'बेटी प्रायर'ला फक्त पाच पाकळ्या, 'आइसबर्ग' सैलसर आणि उमलल्यावर पिवळे पुंकेसर दाखवणारा, तर काही नव्या वाणांच्या कळ्या छोट्या हायब्रीड टीच वाटाव्यात इतक्या घोटीव. हे सगळे फ्लोरिबंडाच.

मग झाडाचा बांधा बघा. बुडापासून बऱ्याच फांद्या, भरगच्च पालवी, 60 ते 120 सेंमी उंची, आणि सगळं झाड एकदम फुलावर. झाड दीड मीटरच्या वर गेलं असेल, दांडे लांब असतील आणि झुपक्यात तीन-पाचच पण मोठी फुलं असतील, तर तो बहुधा ग्रँडिफ्लोरा. हा गट 1954 च्या 'क्वीन एलिझाबेथ'साठी अमेरिकेत वेगळा काढला गेला. ब्रिटनमध्ये हा गट मानत नाहीत आणि त्याच झाडाला फ्लोरिबंडा म्हणतात. तेव्हा एकाच वाणाच्या दोन चिठ्ठ्यांवर दोन गट लिहिलेले दिसले तर दोन्ही बरोबर असू शकतात. मिनिएचर गुलाबही झुपक्यात फुलतो, पण त्याचं पान, पेर, काटा, सगळंच त्याच प्रमाणात लहान असतं. फ्लोरिबंडाचं पान मात्र नेहमीच्या गुलाबाएवढंच असतं.

ज्याला बारकाईनं बघायची आवड आहे त्यानं पानाच्या देठाचं बूड बघावं. तिथे देठाला चिकटून दोन पातळ हिरव्या पट्ट्या असतात, त्यांना उपपर्णं म्हणतात. रोझा मल्टिफ्लोराच्या उपपर्णांची कड कंगव्याच्या दातांसारखी चिरलेली असते. पॉलिअँथात ही खूण अनेकदा ठळक उतरते, फ्लोरिबंडात ती कधी पुसट दिसते तर कधी नसतेच. ओळखीसाठी एवढ्यावर विसंबू नये, पण हीच खूण पुढे खुंटाची, म्हणजे कलमाखालच्या रानटी झाडाची, फूट ओळखायला कामी येते.

शेवटी दुसऱ्या बहराची वाट बघा. वर्षातून एकदाच फुलणारे काही जुने गुलाब आणि वेली गुलाबही देखण्या झुपक्यांनी फुलतात. फ्लोरिबंडा मात्र एक बहर संपला की, झाड सुदृढ असेल आणि हवा मानवत असेल तर, पाच ते सात आठवड्यांत पुन्हा फुलतो.

वाणाचं नेमकं नाव रंगावरून लावू नका. रंग हवेप्रमाणे बदलतो. थंडीत 'आइसबर्ग'च्या कळ्यांवर गुलाबी छटा येते. बोर्नर यांच्या 1949 च्या 'मास्करेड'ची फुलं पिवळी उमलतात, मग गुलाबी होतात आणि शेवटी लाल. एकाच झुपक्यात तीन रंग बघून झाडावर तीन कलमं केली आहेत असं कुणालाही वाटेल. नाव शोधायचं असेल तर मिटलेली कळी, अर्धं उमललेलं फूल, पूर्ण फूल, पाकळीची पाठ, पान आणि काटे यांचे वेगवेगळे फोटो दोन बहरांत काढा, वास कसा आहे तेही टिपून ठेवा आणि मग जुळवायला बसा.

खुंटाची फूट आणि सात पानांचा गैरसमज

बाजारातले बहुतेक गुलाब रानटी गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या वाणाचा डोळा (फुटीचा अंकुर) बसवून, म्हणजे डोळा भरून, केलेले असतात. डोळा भरल्याच्या जागी बुडाशी गाठ दिसते. गाठीच्या वरून येणारी फांदी तुमच्या वाणाची, खालून येणारी खुंटाची. पाच पर्णिकांचं (एका देठावरच्या पाच छोट्या पानांचं) पान म्हणजे कलमी आणि सात पर्णिकांचं म्हणजे जंगली, असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. कितीतरी फ्लोरिबंडांना जोमात असताना सात पर्णिकांची पानं येतात. हा नियम पाळून लोक चांगल्या, बुडातून आलेल्या नव्या फांद्या कापून टाकतात, आणि झाडाला तर पुढची काही वर्षं त्याच फांद्यांवर फुलायचं असतं. मला याचं फार वाईट वाटतं.

खात्री करायची तर माती बोटांनी बाजूला करा आणि फूट कुठून निघाली आहे ते बघा. गाठीखालून असेल, पानांचा रंग आणि पोत वेगळा असेल, खुंट मल्टिफ्लोराचा असून उपपर्णाची कड चिरलेली दिसत असेल, तर ती खुंटाची. ती कात्रीनं कापू नका, कारण बुडाशी डोळे शिल्लक राहतात आणि एकीच्या जागी तीन फुटतात. हातमोजा घालून ती खाली ओढून मुळापासून उपटा.

रोप निवडताना

फुलांनी लगडलेलं रोप उचलायचा मोह होतो, पण बूड बघून रोप घ्या. निदान तीन जाड, हिरव्या फांद्या हव्यात, त्याही वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या. गाठ घट्ट असावी, तिथे काळी चीर नको. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर येऊन गुंडाळली असतील तर रोप फार दिवस पिशवीत आहे. चिठ्ठीवरच्या नावावर पूर्ण भरवसा ठेवू नका. लाल म्हणून आणलेलं रोप माझ्याकडे फिकट केशरी फुललं आहे. शक्य असेल तर फूल प्रत्यक्ष बघून घ्या.

वाण निवडताना रंगाच्या आधी रोगप्रतिकार बघा, आणि वास हवा असेल तर तो आवर्जून विचारा. या गटातल्या बऱ्याच वाणांना वास जेमतेम असतो. 'मार्गारेट मेरिल' आणि पिवळा 'फ्रीसिया', ज्याला 'सनस्प्राइट' असंही नाव आहे, हे सुवासासाठी नावाजलेले अपवाद. आणखी एक सांगणं: पाच वाणांचं एकेक रोप आणण्यापेक्षा एका वाणाची तीन किंवा पाच रोपं जवळजवळ लावा. झुपक्यांचा गुलाब गटानं लावला की रंगाचा सलग पट्टा दिसतो.

जागा आणि माती

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. त्यातलं सकाळचं ऊन सगळ्यात मोलाचं, कारण रात्रीचं दव पानांवरून लवकर वाळतं. जिथे दुपार भाजून काढते तिथे दुपारनंतर हलकी सावली मिळाली तर पाकळ्यांच्या कडा करपत नाहीत. हवा खेळती हवी, पण सतत वाऱ्याच्या झोतात झाड नको.

निचऱ्याची परीक्षा करून बघा. 30 सेंमी खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत जिरलं तर जागा ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तिथे उंच वाफा करा. नुसता खड्डा मोठा करून त्यात भुसभुशीत माती भरू नका, चिकण जमिनीत तो खड्डा पाण्याचं टाकं होतो.

मातीचा सामू (pH) 6 ते 6.8 च्या दरम्यान असला तर उत्तम. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही, त्याची ही खूण. अशा जमिनीत कुजलेलं सेंद्रिय खत सढळ हातानं घाला. गंधकाची भुकटी हळूहळू सामू खाली आणते, पण तिला कित्येक महिने लागतात. जुना गुलाब काढून त्याच जागी नवा लावायचा असेल तर आधीची माती 45 सेंमी खोलीपर्यंत बदला. त्याच मातीत नवं रोप बऱ्याचदा नुसतं तग धरून राहतं, वाढत नाही.

लागवड

पिशवीतलं रोप असेल तर आदल्या दिवशी त्याला भरपूर पाणी द्या. माती धुतलेलं, उघड्या मुळांचं रोप आलं असेल तर मुळं काही तास पाण्यात बुडवून ठेवा आणि तुटकी, काळी पडलेली टोकं छाटा.

45 सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. निघालेल्या मातीत तिच्या साधारण तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. अर्धकच्चं शेणखत नको, त्याच्या उष्णतेनं कोवळी मुळं जळतात. रासायनिक खत लागवडीच्या वेळी अजिबात घालू नका. उघड्या मुळांच्या रोपासाठी खड्ड्यात मातीची छोटी टेकडी करा आणि मुळं तिच्यावरून चहूबाजूंनी खाली सोडा. पिशवीतलं रोप असेल तर पिशवी कापून काढा, ओढून नव्हे.

गाठ किती खोल ठेवायची हे हवेवर ठरतं. जिथे जमीन गोठते तिथे ती मातीखाली 3 ते 5 सेंमी ठेवतात, म्हणजे थंडीत वरच्या फांद्या गेल्या तरी वाणाचे डोळे वाचतात. जिथे हिवाळा सौम्य आणि हवा दमट, तिथे गाठ मातीच्या किंचित वर असू द्या, नाहीतर ती कुजायला लागते. खड्ड्यावर आडवी काठी ठेवली की पातळी लगेच कळते.

माती भरताना हातानं दाबा, पायानं तुडवू नका. भोवती आळं करून सावकाश पाणी सोडा, माती बसली की वरून थोडी भर घाला. दोन रोपांत 60 ते 75 सेंमी अंतर ठेवा. जवळ लावली तर सुरुवातीला वाफा भरलेला छान दिसतो, पण दोन वर्षांनी फांद्या एकमेकींत घुसतात आणि आतल्या पानांना वारा लागत नाही. शेवटी 5 ते 7 सेंमी जाडीचं पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं सोडून.

पहिल्या वर्षी येणाऱ्या झुपक्यांपैकी पहिले एक-दोन कळीतच खुडून टाकले तर झाड बुडातून फांद्या काढतं. हात धजत नाही हे मला माहीत आहे, पण तेवढं कराच.

पाणी आणि खत

रोज शिंपडल्यासारखं पाणी दिलं की मुळं वरच राहतात. त्यापेक्षा अंतरानं, पण खोलवर मुरेल असं द्या. मातीत बोट दोन पेरं खुपसा, कोरडी लागली तरच पाणी. कडक उन्हाळ्यात पूर्ण वाढलेल्या झाडाला एका वेळी 8 ते 10 लिटर पाणी सहज लागतं. पाणी बुडाशी आणि सकाळी. संध्याकाळी झाडावरून फवारा मारला की झुपक्यांच्या बेचक्यांत रात्रभर पाणी साचून राहतं.

फ्लोरिबंडा एका बहरात झाडभर फुलं देतो, त्यामुळे त्याची भूकही मोठी. छाटणीनंतर नवी फूट बोटभर झाली की पहिला हप्ता, आणि पुढे प्रत्येक बहर ओसरल्यावर एकेक. गुलाबासाठी मिळणारं मिश्र खत पाकिटावरच्या मापानं, किंवा कंपोस्ट आणि निंबोळी पेंड. खत ओल्या मातीत द्या आणि वरून पुन्हा पाणी द्या. युरियासारखं नुसतं नत्र देऊन झाड हिरवंगार दिसतं, पण ती फूट लुसलुशीत असते, मावा ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग आधी तिच्यावरच येतात. थंडी गोठवणारी असेल तर पहिलं दंव गोठण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी खत थांबवा.

छाटणी

हायब्रीड टी छाटताना तीन-चार जाड फांद्या ठेवून खूप खाली येतात. थोडी फुलं, पण मोठी, हा त्यातला हिशोब. फ्लोरिबंडाला तो लागू नाही. इथे जितक्या निरोगी फांदीटोकांना जागा मिळेल तितके झुपके. म्हणून सहा ते आठ चांगल्या फांद्या ठेवा आणि झाड उंचीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंतच उतरवा. छाटून झाल्यावर झाड 40 ते 50 सेंमी उंच राहिलं तर ठीक.

वेळ हवेप्रमाणे. कडक थंडीच्या प्रदेशात हिवाळा संपत आला आणि डोळे फुगायला लागले की. जिथे हिवाळा सौम्य तिथे पाऊस सरून हवा कोरडी आणि गार व्हायला लागली की. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी बहर येतो, ते गणित धरून तारीख ठरवा.

सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार असू द्या आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटनं पुसा. आधी वाळलेलं लाकूड काढा: तपकिरी, सुरकुतलेलं, कापल्यावर आतला गाभा पांढरा न दिसणारं. गाभा तपकिरी असेल तर पांढरा लागेपर्यंत खाली जा. मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या पोटात वळलेल्या फांद्या काढा. मग पेन्सिलीहून बारीक काड्या. एवढ्यावरच झाड मोकळं होतं आणि कुठली फांदी ठेवायची ते दिसू लागतं.

आता उंची. सगळ्या फांद्या एका रेषेत कापू नका. याच वर्षी बुडातून आलेली नवी फांदी फक्त वरून एक तृतीयांश कमी करा. दोन-तीन वर्षांची फांदी निम्म्यावर आणा. लांब ठेवलेल्या नव्या फांद्यांवर फुलं आधी येतात, खाली आणलेल्या जुन्यांवर मागाहून, आणि बहर एका आठवड्यात आटपण्याऐवजी लांबतो. सगळ्यात जुनी, सालीला भेगा पडलेली एक फांदी दरवर्षी बुडापासून काढत चला, म्हणजे झाड तरणं राहतं.

प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंमी वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता. जास्त वर कापलं तर डोळ्यावरचा उरलेला तुकडा वाळतो आणि वाळण खाली उतरते. जाड कापावर बुरशीनाशकाची पेस्ट लावा, दमट हवेत तर नक्कीच.

झुपका खुडण्याची रीत

बहर चालू असताना इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो. मधलं फूल सुकलं म्हणून अख्खा झुपका कापला तर बाजूच्या आठ-दहा कळ्या वाया जातात. सुकलेलं फूल तसंच ठेवलं तर त्याच्या पाकळ्या कुजून शेजारच्या कळ्यांना चिकटतात. त्यामुळे खुडणी दोन टप्प्यांत करा. आधी सुकलेलं एकेक फूल त्याच्या देठासकट, देठ जिथे जोडलेला आहे तिथून, चिमटीनं काढा. दर दोन दिवसांनी झाडापुढून जाताना हे काम होतं. झुपक्यातली शेवटची फुलं गळायला लागली की मग कात्री घ्या.

काप कुठे घ्यायचा? झुपक्याच्या लगेच खालच्या पानांना बहुधा तीनच पर्णिका असतात आणि त्यांच्या बगलेतला डोळा चपटा, दुबळा असतो. तिथून फूट आली तरी काडी बारीक. एक-दोन पानं खाली या, पूर्ण पर्णिकांचं पान आणि त्याच्या बगलेत फुगीर डोळा दिसेल. त्याच्या वर कापा. पहिल्या वर्षाच्या रोपावर याहून खाली जाऊ नका, त्याला प्रत्येक पान हवं असतं.

काही फांद्या वाढून टोकाला कळीच देत नाहीत. बागकाम करणारे त्यांना आंधळ्या फांद्या म्हणतात. कमी ऊन किंवा कळी धरायच्या वेळी पडलेली थंडी हे नेहमीचं कारण. ती फांदी निम्म्यावर चांगल्या डोळ्याशी कापली की पुढची फूट बऱ्याचदा कळी घेऊन येते.

आणि आता मधली कळी. हायब्रीड टीत मधली ठेवून बाजूच्या काढतात. फ्लोरिबंडात उलट: मधली कळी वाटाण्याएवढी झाली की ती काढून टाका. मग बाजूच्या कळ्या जवळजवळ एकाच वेळी उमलतात आणि झुपका भरलेला, मधे खड्डा नसलेला दिसतो. प्रदर्शनात फुलं ठेवणारे हे नेमानं करतात. घरच्या झाडावर सगळ्या झुपक्यांना करायची गरज नाही, पण एकदा दोन झुपके शेजारी ठेवून करून बघा.

फुलदाणीसाठी झुपका दोन-तीन फुलं उमलल्यावर कापा. सगळ्या कळ्या घट्ट असताना कापला तर कडेच्या कळ्या पाण्यात उमलतच नाहीत.

रोग आणि किडी

काळे ठिपके हा गुलाबाचा सगळ्यात चिवट रोग. कडा तुटक असलेले काळे डाग, भोवती पिवळेपणा, मग पानगळ. या बुरशीचे बीजाणू रुजायला पान साधारण सात तास सलग ओलं राहावं लागतं. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यायचं ते यासाठीच. पडलेली पानं उचला, आच्छादन वर्षातून एकदा बदला. भुरीचं उलटं: तिला ओलं पान लागत नाही, कोरडे दिवस आणि दमट रात्री मिळाल्या की कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर पांढरी पावडर दिसते. फ्लोरिबंडात ती झुपक्याच्या देठांवर बसली तर कळ्या वाकड्या होतात, म्हणून झुपका खालून वर बघायची सवय लावा. दोन्ही रोगांत बुरशीनाशक सुरुवातीलाच फवारलं तर उपयोग, तेही पाकिटावरच्या प्रमाणात आणि औषधाचा गट आलटूनपालटून.

भरगच्च पाकळ्यांच्या वाणांत पावसाळी हवेत कळ्या तपकिरी होऊन न उमलताच कुजतात. अशा कळ्या लगेच काढा, नाहीतर दाटीमुळे कूज शेजारच्या कळीत जाते.

किडींपैकी मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर येतो. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा, निम्मं काम तिथेच होतं. फुलकिडे पांढऱ्या आणि फिकट फुलांवर जास्त दिसतात, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की बारीक, लांबट किडे पळताना दिसतील. उष्ण, कोरड्या दिवसांत पानं धुरकट, फिकट झाली तर पान उलटून लाल कोळी आणि त्याची बारीक जाळी शोधा. पानाच्या कडेला सुबक गोल काप दिसले तर मात्र काही करू नका. ते पानकापी मधमाशीचं काम आहे, ती घरट्यासाठी तुकडा नेते आणि झाडाला त्यानं काही होत नाही.

कुंडीत

फ्लोरिबंडा कुंडीत छान रमतो. 35 ते 40 सेंमी रुंद आणि तेवढीच खोल कुंडी घ्या, तळाला मोकळी भोकं हवीत. खत निम्म्या मापानं पण दुप्पट वेळा. दोन-तीन वर्षांनी छाटणीच्या वेळी रोप काढून बाहेरची मुळं थोडी छाटा आणि नवी माती भरा. उन्हात कुंडीची भिंत तापते, म्हणून दोन-तीन कुंड्या चिकटून ठेवाव्यात.

नवी रोपं

बियांपासून मूळ वाण मिळत नाही, म्हणून छाट कलम करा. ज्या फांदीवर नुकतंच फुलून गेलं आहे तिचा पेन्सिलीच्या जाडीचा, 15 ते 20 सेंमीचा तुकडा घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वर फक्त दोन पानं. बूड मुळं फुटण्याच्या पावडरीत टेकवून वाळू आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात दोन डोळे आत जातील असं खोचा, वर पारदर्शक पिशवी घाला, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. नव्या वाणांवर पैदासकारांचे हक्क असू शकतात, अशा वाणाची रोपं परवानगीशिवाय करू नयेत.

सहा ते आठ आठवड्यांनी काडी हलकेच ओढून बघा. अडकली तर मुळं धरली आहेत. पिशवी एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडी जास्त उघडी ठेवत जा. या रोपाला खुंट नसतो, त्यामुळे बुडातून येणारी प्रत्येक फूट त्याच वाणाची असते आणि उपटायची काहीच नसते. पहिल्या झुपक्यात तीन-चारच कळ्या येतील. त्या मटाराएवढ्या झाल्या की खुडा आणि झाडाला बुडातून फांद्या काढू द्या.